प्रो कबड्डी लिलावातील बचावपटूंचे मोल

प्रो कबड्डी लीगच्या खेळाडू-लिलावात संघाने आपली सर्वांत मोठी बोली चढाईपटूवर लावावी की बचावपटूवर, हा या लीगच्या वाटचालीत वारंवार उपस्थित झालेला प्रश्न आहे. चौथ्या हंगामापासून (२०१६) बाराव्या हंगामापर्यंत (२०२५) झालेल्या नऊ लिलावांपैकी सात लिलावांत सर्वाधिक रक्कम चढाईपटूला मिळाली, तर दोनदा ती बचावासाठी ओळखल्या जाणाऱ्या खेळाडूला मिळाली. गुण मिळवणारा खेळाडू प्रेक्षकांच्या व गुणफलकाच्या दृष्टीने ठळक असतो. गुण रोखणाऱ्याचे काम पुष्कळदा नोंदीतच येत नाही. त्यामुळे हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. सांघिक खेळात न दिसणाऱ्या कामाची किंमत कशी ठरवावी, असा तो व्यापक प्रश्न होतो. अमेरिकन फुटबॉलमधील खेळाडू-निवडीत आघाडीच्या संरक्षक फळीबाबत हाच वाद अनेक दशके चालू आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात ‘हुतुतू’ या नावाने रुजलेल्या कबड्डीला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियमबद्ध रूप मिळाले. विदर्भात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक सादर केले. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीला पदकाच्या खेळाचा दर्जा मिळाला. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी खेळाच्या संघटनेसाठी केलेल्या कार्याच्या स्मरणार्थ १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

खेळ हौशी स्वरूपाचा होता तोवर खेळाडूच्या जागेला बाजारभाव नव्हता. बँका, रेल्वे, पोलीस व सेनादले यांच्या संघांत नोकरी मिळणे हीच खेळाडूची मोठी कमाई असे, आणि तेथे चढाई करणारा व पकड करणारा साधारण एकाच वेतनश्रेणीत बसत. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर हे चित्र बदलले. पहिल्या लिलावात राकेश कुमार या अष्टपैलू खेळाडूला पाटणा पायरेट्सने १२ लाख ८० हजार रुपयांना घेतले, आणि ती त्या वर्षीची सर्वांत मोठी रक्कम ठरली. तेव्हापासून प्रत्येक खेळाडूच्या अंगी असलेल्या कौशल्याला रुपयांतला आकडा चिकटला आणि कोणत्या जागेचे मोल किती, हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला.

मैदानावरील कामांची विभागणी

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. प्रत्येक संघाचे सात खेळाडू मैदानात असतात आणि सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या दोन सत्रांत खेळला जातो. चढाईपटूला ३० सेकंदांत प्रतिपक्षाच्या अंगणात जाऊन, शक्य तितक्या खेळाडूंना स्पर्श करून मध्य रेषेपर्यंत परतावे लागते. स्पर्श झालेला प्रत्येक बचावपटू बाद होतो आणि चढाई करणाऱ्या संघाला त्याबद्दल एक गुण मिळतो. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस रेषा नियमानुसार ओलांडल्यास आणखी एक गुण मिळतो. चढाईपटूची पकड झाली तर तो बाद होतो व बचाव करणाऱ्या संघाला एक गुण मिळतो. स्पर्शाने वा पकडीने मिळालेल्या प्रत्येक गुणागणिक त्या संघाचा बाद झालेला एक खेळाडू मैदानात परततो. बोनस गुणाने मात्र कोणी परतत नाही.

बचाव करताना सात खेळाडू बहुधा दोन-तीन-दोन अशा साखळीत उभे राहतात. दोन्ही टोकांना डावा व उजवा कोपरारक्षक असतो. त्यांच्या शेजारच्या जागांवर बहुधा संघाचे चढाईपटूच उभे असतात. मधल्या तिघांत डावा व उजवा मध्यरक्षक आणि त्यांच्यामधील खेळाडू असतो. कोपरारक्षक घोट्याची वा मांडीची पकड करून चढाईपटूला अडवतो, आणि मध्यरक्षक त्याच्या परतीच्या वाटेवर आडवा येऊन किंवा धडक देऊन त्याला मध्य रेषेपासून तोडतो. एकट्या कोपरारक्षकाने धरलेला पाय बलवान चढाईपटू सोडवून नेऊ शकतो. शेजाऱ्याची साथ वेळेवर मिळाली तरच पकड पुरी होते. म्हणून बचावाला ‘साखळी’ म्हणतात, आणि साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकीच असते.

मोजमापातील अडचण

चढाईपटू व बचावपटू यांच्या कामाची नोंद एकाच मापाने होत नाही. चढाईतला प्रत्येक गुण चढाई करणाऱ्या एकाच खेळाडूच्या खात्यावर जातो. एका चढाईत तीन किंवा अधिक गुणही मिळू शकतात. पकडीचा गुण मात्र साधारणपणे एक असतो, आणि चौघांनी मिळून चढाईपटूला खाली पाडले तरी अधिकृत नोंदीत तो एकाच्याच नावावर लागतो. उरलेल्या तिघांच्या श्रमाची खूण राहत नाही.

या फरकाचा परिणाम विक्रमांत दिसतो. परदीप नरवालने पाचव्या हंगामात (२०१७) चढाईचे ३६९ गुण मिळवले. त्याउलट सहाव्या हंगामात (२०१८-१९) उजवा कोपरारक्षक नितेश कुमारने पकडीच्या १०० गुणांचा टप्पा गाठला, तेव्हा एका हंगामात असे करणारा तो पहिला बचावपटू ठरला. हे दोन आकडे शेजारी ठेवून चढाईपटू साडेतीनपट मोलाचा, असे म्हणणे चुकीचे ठरेल. फलंदाजाच्या धावा व गोलंदाजाचे बळी यांची थेट तुलना होत नाही, तसेच हे आहे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. भक्कम कोपरारक्षकासमोर चढाईपटू आत शिरण्याचे टाळतो आणि रिकाम्या हाताने परततो. अशा रिकाम्या चढाईबद्दल कोणत्याही बचावपटूच्या नावे गुण लागत नाही. पण लीगच्या नियमानुसार सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई ‘करो या मरो’ ठरते, आणि तीत गुण न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो. म्हणजे बचावपटूच्या केवळ धाकाने प्रतिपक्षाला धोका पत्करणे भाग पडते. हा धाक सामन्याचा कल बदलतो, पण गुणपत्रकावर उमटत नाही.

लिलावाची पद्धत

लीगमधील प्रत्येक संघाला ठरावीक रकमेच्या मर्यादेत आपला चमू उभारावा लागतो. दहाव्या ते बाराव्या हंगामांसाठी ही मर्यादा ५ कोटी रुपये होती, आणि चमूत किमान १८ व कमाल २५ खेळाडू ठेवण्याची मुभा होती. लिलावात खेळाडूंचे अ, ब, क व ड असे वर्ग केले जातात. या हंगामांत त्यांच्या पायाभूत किमती अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख व ९ लाख रुपये होत्या. मागील हंगामातील काही खेळाडू संघ लिलावापूर्वी कायम ठेवू शकतो. तसेच सोडलेल्या खेळाडूवरील अंतिम बोलीइतकी रक्कम मोजून त्याला परत घेण्याचा मर्यादित अधिकारही संघाला असतो.

रकमेला मर्यादा असल्यामुळे एका खेळाडूवर केलेला खर्च दुसऱ्या जागेवरून वजा होतो. पाच कोटींपैकी अडीच कोटी एकाच खेळाडूवर गेले, तर उरलेल्या अडीच कोटींत किमान सतरा खेळाडू बसवावे लागतात. म्हणून ‘हा खेळाडू चांगला आहे का’ एवढे विचारून भागत नाही. ‘याच्यावर खर्च केल्यावर आपल्याजवळ काय उरते’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

सर्वाधिक बोलींचा इतिहास

चौथ्या हंगामापासून प्रत्येक लिलावातील सर्वांत मोठी बोली पुढीलप्रमाणे होती :

२०१६ – मोहित छिल्लर, उजवा कोपरारक्षक, बंगळूरु बुल्स, ५३ लाख रुपये
२०१७ – नितीन तोमर, चढाईपटू, यूपी योद्धा, ९३ लाख रुपये
२०१८ – मोनू गोयत, चढाईपटू, हरियाणा स्टीलर्स, १ कोटी ५१ लाख रुपये
२०१९ – सिद्धार्थ देसाई, चढाईपटू, तेलुगू टायटन्स, १ कोटी ४५ लाख रुपये
२०२१ – परदीप नरवाल, चढाईपटू, यूपी योद्धा, १ कोटी ६५ लाख रुपये
२०२२ – पवन सेहरावत, चढाईपटू, तमिळ थलैवाज, २ कोटी २६ लाख ५० हजार रुपये
२०२३ – पवन सेहरावत, चढाईपटू, तेलुगू टायटन्स, २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये
२०२४ – सचिन तंवर, चढाईपटू, तमिळ थलैवाज, २ कोटी १५ लाख रुपये
२०२५ – मोहम्मदरेझा शादलुई, अष्टपैलू (मूळ जागा डावा कोपरा), गुजरात जायंट्स, २ कोटी २३ लाख रुपये

या यादीत न आलेल्या दोन घटना लक्षणीय आहेत. लीगच्या इतिहासातील एक कोटी रुपयांची पहिली बोली २०१८ मध्ये लागली ती चढाईपटूवर नव्हे, तर इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचली याच्यावर. ती यू मुंबाने लावली. दुसरी घटना २०१७ ची आहे. त्या वर्षी लीगमध्ये चार नवे संघ आले आणि त्यांना लिलावापूर्वी प्रत्येकी एक खेळाडू निवडण्याची संधी देण्यात आली. तिघांनी ती घेतली. तमिळ थलैवाजने चढाईपटू अजय ठाकूरला पसंती दिली. गुजरातने अत्राचलीला व हरियाणा स्टीलर्सने सुरेंदर नाडाला निवडले. शेवटचे दोघेही डावे कोपरारक्षक होत. लिलावाच्या गोंधळाविना, शांतपणे पहिली निवड करण्याची वेळ आली तेव्हा तिघांपैकी दोन संघांनी बचावपटूला प्राधान्य दिले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. त्या हंगामात गुजरातने अंतिम फेरी गाठली, हरियाणाने बाद फेरीत प्रवेश केला आणि तमिळ थलैवाजचा संघ आपल्या गटात तळाशी राहिला.

बचावपटूच्या बाजूने युक्तिवाद

बचावपटूला अग्रक्रम द्यावा असे मानणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा, की यशस्वी पकडीचे मोल एका गुणाहून अधिक असते. पकड होते तेव्हा प्रतिपक्षाचा चढाईपटू, म्हणजे बहुधा त्यांचा सर्वांत उपयुक्त खेळाडू, मैदानाबाहेर जातो. त्याच्या सहकाऱ्यांनी गुण मिळवेपर्यंत तो बाहेरच बसून राहतो. त्याच वेळी आपला एक खेळाडू आत येतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, दोन गुण मिळतात. शिवाय तिच्यामुळे लोण टळले, तर प्रतिपक्षाचे लोणाचे दोन जादा गुणही लांबतात.

दुसरा मुद्दा टिकाऊपणाचा आहे. संघाची सारी भिस्त एका चढाईपटूवर असेल, तर त्याच्या दुखापतीने संपूर्ण हंगाम धोक्यात येतो. नवव्या हंगामात (२०२२) तमिळ थलैवाजने विक्रमी रक्कम मोजून घेतलेला पवन सेहरावत पहिल्याच सामन्यात जखमी झाला व पुढे खेळू शकला नाही. तरीही त्या संघाने उपांत्य फेरी गाठली. पुढच्या हंगामात तेलुगू टायटन्सने त्याच पवनसाठी आणखी मोठी रक्कम मोजली. तो उत्तम खेळला, परंतु २२ सामन्यांत केवळ दोन विजय मिळवून संघ गुणतक्त्यात शेवटच्या स्थानी राहिला.

आठव्या हंगामाचे (२०२१-२२) उदाहरण अधिक बोलके आहे. पाटणा पायरेट्सने परदीप नरवालला सोडले व तो विक्रमी बोलीवर यूपी योद्धाकडे गेला. पाटण्याने ३१ लाख रुपयांत शादलुईला घेतले. त्याने पकडीचे ८९ गुण मिळवले आणि तो हंगामातील सर्वोत्तम बचावपटू ठरला. उपांत्य सामन्यात पाटण्याने परदीपच्या यूपी योद्धाला ३८-२७ असे हरवले. अंतिम सामना मात्र त्यांनी दबंग दिल्लीविरुद्ध ३६-३७ असा एका गुणाने गमावला.

चढाईपटूच्या बाजूने युक्तिवाद

उलट बाजूही तितकीच भक्कम आहे. चढाईपटू एकट्याने सामना फिरवू शकतो. बचावपटू तसे क्वचितच करू शकतो. पाचव्या हंगामाच्या बाद फेरीत परदीप नरवालने हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एकट्याने चढाईचे ३४ गुण मिळवले व पाटण्याने तो सामना ६९-३० असा जिंकला. बचावपटूला प्रथम पसंती देणारा हाच तो हरियाणाचा संघ होता. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात अत्राचलीच्या गुजरातलाही पाटण्याने ५५-३८ असे नमवले. सहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात गुजरातच्या बचावासमोर पवन सेहरावतने २२ गुण मिळवले आणि बंगळूरु बुल्सने ३८-३३ असा विजय मिळवला.

चढाईला पर्याय नाही, हा या पक्षाचा दुसरा मुद्दा. प्रत्येक संघाला आळीपाळीने चढाई करावीच लागते, आणि चढाई कधी, कोणावर, किती धोका पत्करून करायची हे चढाईपटू स्वतः ठरवतो. बचावपटूला संधीची वाट पाहावी लागते. समोरचा त्याच्या कोपऱ्याकडे फिरकलाच नाही, तर त्याचे कौशल्य वापराविना राहते. तिसरा मुद्दा धोक्याचा आहे. घाईने पुढे झेपावलेला बचावपटू स्वतः बाद होतो आणि त्याला सावरायला आलेले सहकारीही बाद होऊ शकतात. म्हणजे बचावपटूची चूक त्याच्या एकट्यापुरती राहत नाही.

अमेरिकन फुटबॉलशी तुलना

अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये लिलाव होत नाही. महाविद्यालयीन खेळाडूंची वार्षिक निवड होते आणि मागील हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाला पहिली संधी मिळते. त्या खेळात चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. त्याच्यापुढे पाच धिप्पाड खेळाडूंची फळी उभी असते, आणि प्रतिपक्षाला त्याच्यापर्यंत पोहोचू न देणे हे तिचे काम असते. या पाचांच्या नावावर गुण नाहीत, चेंडू घेऊन धावल्याची नोंद नाही. त्यांनी चूक केली तरच त्यांचे नाव ऐकू येते. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे वळलेली असते. त्या न दिसणाऱ्या बाजूचे रक्षण डाव्या टोकाचा खेळाडू करतो, म्हणून पाचांत त्याची जागा विशेष मोलाची मानली जाते.

१९६७ साली दोन प्रतिस्पर्धी लीगची निवड एकत्र होऊ लागली. तेव्हापासून २०२५ पर्यंत या फळीतील खेळाडूला पहिल्या क्रमांकाने निवडण्याचे प्रसंग चारच आले : १९६८ मध्ये रॉन यारी, १९९७ मध्ये ऑर्लँडो पेस, २००८ मध्ये जेक लाँग आणि २०१३ मध्ये एरिक फिशर. पेसच्या सेंट लुईस रॅम्स संघाने जानेवारी २००० मध्ये विजेतेपद मिळवले. त्या संघाचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर हा महाविद्यालयीन निवडीत कोणत्याही संघाने न घेतलेला खेळाडू होता. संरक्षण भक्कम असेल तर उपेक्षित खेळाडूही चमकू शकतो, याचे हे उदाहरण म्हणून दिले जाते. त्याउलट मायामीने २००८ मध्ये लाँगला घेताना क्वार्टरबॅक मॅट रायनला वगळले. रायन तिसऱ्या क्रमांकावर अटलांटाकडे गेला आणि पुढे त्याने त्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. लाँग सुरुवातीची काही वर्षे नामांकित खेळाडूंत गणला गेला, पण त्याच्या काळात मायामीला बाद फेरीचा एकही सामना जिंकता आला नाही.

कबड्डीशी या तुलनेचे साम्य दोन बाबतींत आहे : काम साखळीने होते, आणि त्याची नोंद अपुरी राहते. भेदही ध्यानात घ्यायला हवा. अमेरिकन फुटबॉलमधील ही फळी आक्रमणाचाच भाग असते व तिला स्वतःचे गुण मुळीच मिळत नाहीत. कबड्डीतील बचावपटूला पकडीचा गुण मिळतो आणि तो बाद झाल्यास संघाचे बळही घटते. म्हणून कबड्डीत बचावपटूचे मोल जोखणे तुलनेने सोपे आहे, तरी ते पूर्णपणे आकड्यांत मावत नाही.

यश व अपयश यांतील फरक

बचावपटूवर लावलेल्या मोठ्या बोलींचे निकाल एकमेकांशेजारी ठेवले, की एक सूत्र दिसते. २०१६ मध्ये बंगळूरु बुल्सने मोहित छिल्लरसाठी सर्वाधिक रक्कम मोजली. मोहित त्याआधी यू मुंबाच्या बचावात सुरेंदर नाडा, विशाल माने, जीवा कुमार यांच्या जोडीने खेळत होता, आणि त्या साखळीच्या बळावर यू मुंबाने २०१५ चे विजेतेपद मिळवले होते. बुल्स हा मात्र आदल्या हंगामात उपांत्य फेरीही न गाठलेला संघ होता, आणि मोहितच्या आगमनानंतरही तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला नाही.

२०२३ मध्ये पुणेरी पलटणने शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. हा संघ आदल्या हंगामाचा उपविजेता होता. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते यांची चढाई आणि गौरव खत्री, अबिनेश नदराजन, संकेत सावंत यांचा बचाव त्याच्यापाशी तयार होता. शादलुईने पकडीचे ९९ गुण मिळवले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे झालेल्या अंतिम सामन्यात पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या लिलावात हरलेल्या हरियाणानेच शादलुईला २ कोटी ७ लाख रुपयांना घेतले. जयदीप दहिया, राहुल सेठपाल, संजय धुल हे बचावपटू तेथे आधीच होते. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातील बालेवाडी येथे हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे नमवून विजेतेपद मिळवले. त्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण मिळवणारा देवांक दलाल हरलेल्या पाटण्याच्या बाजूला होता, आणि हंगामातील सर्वाधिक उपयुक्त खेळाडूचा मान शादलुईला मिळाला.

२०२५ मध्ये गुजरात जायंट्सने त्याच शादलुईसाठी सर्वाधिक बोली लावली. गुजरातचा संघ आदल्या हंगामात बाद फेरीबाहेर होता, आणि शादलुई आल्यावरही तो पहिल्या आठ संघांत येऊ शकला नाही. त्याच लिलावात २ कोटी २० लाख ५० हजार रुपये मोजून देवांक दलालला घेणारा बंगालचा संघही पहिल्या आठांबाहेर राहिला.

खेळाडू तोच, कौशल्य तेच. मात्र दोन ठिकाणी विजेतेपद आणि तिसरीकडे निराशा. फरक भोवतालच्या संघात होता. पुणे व हरियाणा या दोन्ही संघांनी मोठी बोली लावली तेव्हा त्यांची साखळी जवळजवळ पूर्ण होती आणि एकच कडी कमी पडत होती. गुजरात व २०१६ चे बंगळूरु यांना साखळीच उभारायची होती. यावरून असे म्हणता येते, की बचावपटू सर्वोच्च बोलीस पात्र आहे, पण बांधत आलेल्या घराच्या कळसाचा दगड म्हणून; रिकाम्या जागेवर त्या एका दगडाने घर उभे राहत नाही. चढाईपटू कमकुवत संघालाही काही सामने जिंकून देऊ शकतो, परंतु तेलुगू टायटन्सच्या अनुभवाप्रमाणे तोही एकटा हंगाम तारून नेऊ शकत नाही.

महाराष्ट्रातील खेळाडूंच्या संदर्भात

महाराष्ट्रातील खेळाडूंना लागलेल्या मोठ्या बोली मुख्यतः चढाईपटूंवरच्या आहेत. जानेवारी २०१८ मध्ये रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबाद येथे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले, आणि त्याच वर्षीच्या लिलावात यूपी योद्धाने रिशांकसाठी १ कोटी ११ लाख रुपये मोजले. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई २०१९ च्या लिलावात अग्रस्थानी राहिला. २०२४ मध्ये अजिंक्य पवारला बंगळूरु बुल्सने १ कोटी १० लाख ७० हजार रुपयांना घेतले. हे तिघेही चढाईपटू आहेत. गिरीश इर्नक, विशाल माने यांसारखे बचावपटू अनेक हंगाम आपापल्या संघांच्या बचावाचे आधारस्तंभ राहिले, पण सर्वाधिक बोलींच्या यादीत त्यांची नावे दिसत नाहीत.

या आकड्यांचा परिणाम लिलावाच्या दालनापुरता राहत नाही. शाळेच्या वा गावच्या संघात नव्याने आलेला मुलगा कोणती जागा मागतो, यावर त्यांची छाया पडते. कोपऱ्यात उभे राहून घोट्याच्या पकडीचा सराव करण्यास धीर लागतो. त्यात अपयश लगेच दिसते आणि यश बहुधा दुसऱ्याच्या नावे जमा होते. म्हणून निवड करताना केवळ मिळवलेले गुण न पाहता पुढील बाबी तपासणे अधिक न्याय्य ठरते : बचावपटूने केलेल्या प्रयत्नांपैकी यशस्वी किती; तो मैदानात असताना प्रतिपक्षाच्या किती चढाया रिकाम्या गेल्या; सहकाऱ्याच्या पकडीला त्याने किती वेळा साथ दिली; आणि घाईने पुढे जाऊन तो किती वेळा बाद झाला. यांतील पहिली व शेवटची बाब अधिकृत आकडेवारीतून बरीचशी काढता येते. उरलेल्या दोन बाबींसाठी सामना पाहत असताना वहीत वेगळी नोंद ठेवावी लागते, आणि हे काम कोणताही प्रशिक्षक किंवा क्रीडाशिक्षक करू शकतो.